३१४ वॅटचं आभाळ

आर्क्टिकमधल्या न्यू-आलेसुंदहून परतल्यापासून वास्कोत, पुण्यात, सासुरवाडीला, जिथे जावं तिथे तेच दोन प्रश्न येतात: अस्वल दिसलं का, आणि ऑरोराचे फोटो आहेत का? पाऊस पडला म्हटलं की लोक नुसती मान डोलावतात. उत्तर अक्षांश ७९, महिना फेब्रुवारी, आणि पाऊस. पण आपल्याकडे पावसाचं कुणाला नवल?

२०२५ च्या त्या फेब्रुवारीत २८ पैकी १४ दिवस तिथे पारा शून्याच्या वर गेला. महिन्याची सरासरी उणे ३.३ अंश भरली. १९६१ ते २००१ या काळातली फेब्रुवारीची सरासरी उणे १५ आहे. मी मात्र त्यातल्या एकाच दिवसाबद्दल लिहितोय. तो डोक्यातून जात नाही.

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातलं हे गाव मुळात कोळशाच्या खाणीचं. १९६२ च्या खाण-दुर्घटनेत २१ माणसं गेली, खाण बंद पडली, आणि पुढे तिथे निरनिराळ्या देशांची संशोधन-स्थानकं आली. आपलं ‘हिमाद्री’ २००८ पासून आहे. हिवाळ्यातही माणसं ठेवायला लागले ते डिसेंबर २०२३ पासून. वीस किलोमीटरच्या परिसरात वायफाय आणि ब्लूटूथ बंद, कारण तिथली रेडिओ दुर्बीण फार दूरचे क्षीण संदेश ऐकत असते. म्हणजे प्रत्येक यंत्राला केबल आली, आणि गोठलेली केबल वाकवणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. दारांना कुलूप लावायचं नाही. अस्वल आलं तर कुणालाही कुठल्याही घरात शिरता आलं पाहिजे. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर बंदूक हवीच. खाणकामगारांच्या रिवाजाप्रमाणे बूट दाराशीच काढायचे. तेवढी एक गोष्ट आपल्याला शिकवावी लागत नाही.

माझ्याकडे पायर्जिओमीटर होता. आभाळातून खाली येणारी उष्णता मोजणारं यंत्र. बशीएवढ्या चकतीवर सिलिकॉनचा छोटासा घुमट, बाहेरून काळाभोर. तो इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण, आत सोडतो, बाकी अडवतो. हिवाळी रात्री आभाळ स्वच्छ असलं तर आकडा दोनशे वॅट प्रति चौरस मीटरच्या खाली असतो. खालचे, उबदार ढग आले की तीनशेच्या वर. आर्क्टिकचा हिवाळा का तापतोय हे समजून घ्यायचं तर हा आकडा लागतोच.

आता गोम अशी, की घुमटावर बर्फाचा पातळसा पापुद्रा जरी धरला तरी यंत्राला आभाळ दिसेनासं होतं. ते मग बर्फाचीच उष्णता मोजत बसतं, आणि शून्य अंशाचा बर्फ देतो सुमारे ३१५ वॅट. खालचा ओला ढगही साधारण तेवढेच देतो. उणे वीसच्या स्वच्छ रात्री घुमटावर बर्फ धरला तर चोरी लगेच पकडली जाते. पावसाच्या दिवशी चोर आणि साव एकाच कपड्यात असतात.

आदल्या संध्याकाळी उणे दोनवर पाऊस सुरू झाला. असला पाऊस पडतो पाणी होऊन आणि टेकतो तिथे बर्फ होतो. रात्रीतून पारा हळूहळू चढला, पहाटे शून्य ओलांडून गेला. सकाळी बाहेर पडलो तर अख्खा रस्ता चिक्कीसारखा, चकचकीत थरात खडी रुतलेली. बुटांना काटे लावूनही पाय सरकत होते. गावाची व्यवस्था बघणारी माणसं आमच्याआधीच खडी टाकून गेली होती. त्यांच्याइतकं नेमाने काम करणारी माणसं मी फार कमी पाहिलीत. खाली किनाऱ्यावर दोन रेनडिअर समुद्राचं शेवाळ चघळत होते. जमिनीवरचा चारा बर्फाखाली बंद झाला की ते तिकडे उतरतात.

यंत्राखालचा पंखा घुमटावर गरम हवा फेकतो. त्याच्या जाळीवर बर्फ धरून हवा अडली होती. टॉर्च समोरून धरली तर घुमट स्वच्छ दिसला. तिरपी धरली, तेव्हा वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला नखाएवढ्या जाडीचाही नसलेला, अर्धवट वितळलेला पापुद्रा चमकला. वाऱ्याकडच्या बाजूला नुसतं पाणी. पुसण्याआधी आकडा ३१४. अल्कोहोल लावलेल्या मऊ फडक्याने पुसलं (खरवडायचं नाही, लेप जातो), अल्कोहोल उडून आकडा स्थिर होईपर्यंत थांबलो. ३०९.

आता या पाच वॅटांचं काय करायचं? तेवढ्या वेळात ढगही पाच वॅट बदलू शकतो. यंत्राची स्वतःची चूकही साधारण तेवढीच धरतात. पुसल्यानंतर पुन्हा पावसाचे थेंब पडू लागले, आणि पाणीही बर्फासारखंच आभाळ झाकतं. म्हणजे ३०९ तरी खरा कशावरून? रात्री सात तास सलग ३१२ ते ३१६. आभाळ की बर्फ?

सोबतचा सहकारी सरळ म्हणाला, फ्लॅग लाव, म्हणजे आकड्यापुढे ‘बाद’ची खूण कर, आणि मोकळा हो. हुशार माणूस, पण शंका आली की बाद, हे त्याचं एकच शास्त्र. मी म्हटलं, अरे, हेच तास पकडायला आपण इथे आलोय. गोठणारा पाऊस आला की यंत्र आंधळं होतं, आंधळं झालं की आपण ते तास पुसून टाकतो, आणि मग उरलेल्या थंड, कोरड्या तासांची सरासरी काढतो. महिना आहे त्यापेक्षा थंड दिसणार नाही का?

शेजारच्या स्थानकात १९९२ पासून हीच मोजणी चालू आहे. त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिलं, जवळपास जुळले. पण शेजाऱ्याची वही बघूनच आपला आकडा पास करायचा असेल तर आपलं यंत्र लावलं कशाला?

शेवटी ते तास मी ‘बाद’ केले नाहीत, ‘संशयास्पद’ ठेवले, आणि शेऱ्यात पंखा, पापुद्रा, ३१४, ३०९, सगळं लिहिलं. हवामानाचं संगणकी मॉडेल करणाऱ्या मित्राला फोनवर सांगितलं तर तो हसला. त्याचा प्रोग्रॅम फक्त फ्लॅगचा रकाना वाचतो. तिथे शून्य, म्हणजे ‘ठीक’, सोडून काहीही असलं की ओळ गाळतो. या मंडळींनी एकदा तरी ओल्या हातमोज्यांनी स्क्रू फिरवून बघावा.

पुढच्या तुकडीतल्या मुलीला मी सांगितलंय: पाऊस लागला की दर तासाला जा, जाळी आधी बघ, टॉर्च तिरपी धर, पुसण्याआधी आणि पुसल्यावर फोटो काढ. तिने विचारलं, “रात्री दर तासाला माझ्यासोबत कोण उठून येणार, सर?” याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.