येऊरच्या जाळरेषेवर

उपवन तलाव मागे टाकून येऊरचा चढ सुरू झाला की ठाण्याचा गजबजाट विरत जातो, आणि फेब्रुवारीत तर कडेच्या पिवळ्या गवताकडे पाहूनच वणव्याचे दिवस आल्याचे कळते. सुमारे १०३ चौरस किलोमीटर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. एक वनरक्षक आणि पाड्यावरचे काही वारली मजूर यांच्यासोबत जाळरेषेवरून चालायला मिळावे, एवढ्यासाठीच मी गेलो होतो.

जाळरेषा म्हणजे गवत आणि पाचोळा कापून, झाडून किंवा देखरेखीखाली जाळून आधीच मोकळा केलेला पट्टा. तो डोंगराच्या धारेवरून का नेतात, हे चढताना नीट उमगते. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, ते पेटण्याआधीच तापून कोरडे होते आणि वणवा अक्षरशः धावत सुटतो. धार ओलांडून उतरणीला लागला की मात्र तो मंदावतो, आणि हिरव्या डहाळ्यांनी झोडपून त्याला विझवणे माणसांच्या आवाक्यात येते.

एका वळणावर वनरक्षकांनी काठीने पाचोळा बाजूला सारला. वर सागाच्या कुरकुरीत पानांचा घोटाभर थर, खाली किंचित दमट माती, आणि तिच्यात ऐनाचे वीतभर रोप. मोठ्या झाडाची जाड साल आगीची धग सोसते, या रोपाला ती सोसत नाही. म्हणूनच दरवर्षी जळणारे जंगल लांबून शाबूत दिसले, तरी त्यात पुढची पिढी उरलेली नसते; मोकळ्या जागी रानमोडी आणि घाणेरी माजते आणि वाळलेली रानमोडी पुढच्या वणव्याला सरपण पुरवते. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून मरणाऱ्या कारवीच्या काड्यांचेही तसेच आहे.

राखीव वनात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, तरीही आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या आधारे आगीच्या सूचना पाठवते आणि त्यांचा उपयोगही होतो, परंतु उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंतचा वेळ पाड्यावरच्या माणसांनीच सांभाळायचा असतो. पाड्यावर पाणी प्यायला थांबलो, तेव्हा तिथल्या मावशी म्हणाल्या, “आग लागली की सगळे आम्हाला हाका मारतात. गवत कापायला आधी बोलवा ना!” मला हे म्हणणे पूर्ण पटले. वणव्याविरुद्धचे खरे काम हिवाळ्यातच करायचे असते, आणि त्याची रोजंदारी वेळेवर मिळाली तरच जाणती माणसे त्या कामाला टिकतात.

खाली उतरल्यावर पायथ्याच्या इमारतींच्या मागची बाजू मुद्दाम पाहिली. कुंपणाची भिंत आणि जंगल यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत कंबरभर वाळके गवत उभे होते आणि त्यात भिंतीवरून टाकलेला बागेतला कचरा साचला होता. होळीच्या आत आपल्या बाजूचे गवत काढावे आणि पलीकडच्या पट्टीसाठी वनखात्याला पत्र द्यावे, असे मी आमच्या सोसायटीच्या सभेत मांडणार आहे. हे काम पाड्यावरच्या लोकांना मजुरी देऊन करून घ्यावे, हेही त्या पत्रात असेल.