‘होय’चा रकाना, ‘नाही’चा रकाना

शनिवारी सकाळची शाळा असायची आणि शेवटच्या दोन तासांना पटांगणातल्या कडुलिंबाखाली आमची विधानसभा भरायची. आताच्या मुलांना हे खरे वाटणार नाही. नववीचा वर्ग सत्ताधारी, दहावीचा विरोधी. दर महिन्याला बाजू बदलायची, म्हणजे कोणालाच सत्तेची सवय लागू नये. अध्यक्ष म्हणून वर्गप्रमुख बसायचा आणि नागरिकशास्त्राचे सर बाजूला स्टुलावर, मांडीवर लांब पाठकोऱ्या कागदांची वही घेऊन. त्या वहीला ते ‘कार्यवाही’ म्हणत. प्रत्येक ठरावाखाली दोन रकाने, एक ‘होय’चा आणि एक ‘नाही’चा. हात वर करून मोकळे होता येत नसे. उठायचे, सरांजवळ जायचे, आपल्या रकान्यात नाव लिहायचे. आणि ज्याला आपल्या बाकाच्या विरुद्ध मत द्यायचे असेल त्याने कारण सांगायचे, तेही वहीत लिहिले जायचे.

ठराव काही देशाच्या भवितव्याचे नसायचे. बोरे विकणाऱ्या बाईंना मधल्या सुट्टीत फाटकाच्या आत येऊ द्यावे काय, असला एक होता. पण एक ठराव मला पक्का आठवतो. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेला आठवडाभर सुट्टी असावी. सत्ताधाऱ्यांनी आणला होता आणि विरोधकांनाही मनातून हवाच होता. सगळे पोट्टे खूश. ‘होय’चा रकाना भरत चालला आणि सत्ताधारी बाकावरची एक मुलगी उठून ‘नाही’त नाव लिहून आली. सरांनी कारण विचारले. ती म्हणाली, “सुट्टी देली का घरचे मले लोकाच्या वावरात वेचायले धाडते. शाळा चालू रायली तं मी शाळेत राहीन.” सरांनी ते जसेच्या तसे लिहिले. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. अर्थात मुख्याध्यापकांनी तो केराच्या टोपलीत टाकला, तो भाग वेगळा.

पुढच्या शनिवारी विधानसभा भरलीच नाही. सर म्हणाले, आज एकाच सभासदाची कार्यवाही वाचू. त्यांनी फळ्यावर नाव लिहिले : माधव श्रीहरी अणे.

बापूजी अणे आम्हाला माहीत होते ते कार्यालयातल्या फोटोपुरते. १५ ऑगस्टला त्या फोटोला हार पडायचा. आपल्या वणीचा माणूस, जन्म २९ ऑगस्ट १८८०, टिळकांचे अनुयायी, लोकनायक, एवढे भाषणाच्या पहिल्या दोन ओळींत यायचे आणि पुढे विशेषणे सुरू व्हायची. सरांना विशेषणांचा राग होता. त्यांनी फळ्यावर वहीसारखेच दोन रकाने आखले आणि म्हणाले, हा माणूस आयुष्यात कुठे ‘होय’ म्हणाला आणि कुठे ‘नाही’, ते मांडू. मग हार घालायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

पहिली नोंद पुसदची. १० जुलै १९३०. देशभर मिठाचा सत्याग्रह चालू होता, पण आपल्या वऱ्हाडात समुद्र कुठला? आपल्याकडे जंगल. राखीव जंगलातले गवत परवान्याशिवाय कापायचे नाही, गुरे चारायची तर पैसे भरायचे, हा सरकारचा कायदा. ज्यांच्या घरी बैलजोडी होती त्यांना हा जाच मिठापेक्षा जवळचा होता. बापूजी त्या वेळी पन्नाशीला आलेले. अमरावतीत शिक्षकी करून झालेली, यवतमाळात वकिलीचा जम बसलेला, दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून जाऊन आलेले. कायदा करणाऱ्या सभेत बसलेला माणूस विळा घेऊन राखीव जंगलात शिरला, गवत कापले आणि तुरुंगात गेला. ही नोंद आम्ही एकमताने ‘होय’त घातली. सोपी होती.

दुसरी नोंद अवघड. १९३२ साली ब्रिटिशांनी जातीय निवाडा दिला, म्हणजे धर्मागणिक, समाजागणिक वेगवेगळे मतदारसंघ. काँग्रेसने १९३४ मध्ये ठरवले की निवाडा स्वीकारायचाही नाही आणि फेटाळायचाही नाही. त्याच्या आदल्या वर्षी, कायदेभंगाच्या धामधुमीत, बापूजींनी काँग्रेसचे कार्यवाहक अध्यक्षपद सांभाळलेले. तोच माणूस म्हणाला, मला हे पटत नाही. पंडित मदनमोहन मालवीयांबरोबर ते बाहेर पडले, काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला आणि पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात त्या छोट्या गटाचे नेतृत्व केले. आमच्यातल्या एकाने विचारले, “सर, हा फुटीरपणा नाही का?” सरांनी उत्तर दिले नाही. ते म्हणाले, पक्ष सोडताना त्याला काय मिळाले ते शोध. अध्यक्षपदापर्यंत गेलेला माणूस मूठभर लोकांच्या गटात जाऊन बसला, एवढेच मिळाले होते. त्यांची भूमिका बरोबर होती की नाही हा प्रश्न वेगळा. मला स्वतःला आजही त्यातला मालवीयांचा सूर पुरता पटत नाही. पण फायद्यासाठी फुटले असे कोणाला म्हणता येणार नाही.

तिसऱ्या नोंदीवर मात्र वर्ग फुटला.

१९४१ मध्ये व्हाइसरॉयने आपले कार्यकारी मंडळ, म्हणजे त्याचे मंत्रिमंडळच, वाढवले आणि बापूजी त्यात गेले. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. काँग्रेसची मंत्रिमंडळे १९३९ लाच राजीनामे देऊन बाहेर पडली होती, आणि हे इंग्रजांच्या मंडळात! पुढच्या वर्षी ‘चले जाव’. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर आणि आष्टी पेटले. चिमूर म्हणजे शेजारच्या चांदा, आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यातले. पोलीस-लष्कर गावात शिरले आणि बायकांवर अत्याचार झाले, ही हकीकत आमच्या आज्यांनी दबक्या आवाजात सांगितलेली. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी दिल्लीला बापूजींच्या घरी गेले आणि म्हणाले, चिमूरला चला, चौकशी करवा. बापूजींनी असमर्थता सांगितली. भन्साळी तिथेच उपोषणाला बसले. सरकारने त्यांना उचलून परत पाठवले, पण उपोषण ६३ दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ ला सुटले.

महिनाही झाला नव्हता, तोच १० फेब्रुवारीला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचे उपोषण सुरू केले. सरकार त्यांना सोडायला तयार नव्हते. बापूजींनी मंडळातले सहकारी होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्याबरोबर कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला.

सर थांबले आणि म्हणाले, लिहा. कोणत्या रकान्यात?

दहावीतला एक जण तावातावाने उठला. “गांधीजींसाठी राजीनामा देल्ला, मंग चिमूरच्या बायांसाठी काऊन नाही देल्ला?” दुसरा म्हणाला, राजीनामा तर दिला ना, आता तरी दिला. तिसरी म्हणाली, आत राहून काही करता येईल असे वाटले असेल, नाही करता आले म्हणून निघाले असतील. कोणी विचारले, राजीनामा दिल्यावर त्याच सरकारतर्फे त्याच वर्षी ते सिलोनला प्रतिनिधी म्हणून कसे गेले? आणि १९४७ पर्यंत राहिले कसे? सरांनी तेही फळ्यावर लिहिले. तास संपला, घंटा झाली, आम्ही उठलो नाही. शेवटी सरांनी १९४२ ‘नाही’त लिहिले, १९४३ ‘होय’त लिहिले आणि मध्ये एक आडवी रेघ मारली. म्हणाले, एकाच माणसाच्या दोन नोंदी शेजारी शेजारी असू शकतात. एक खोडून दुसरी लिहायची नाही.

पुढे मी तालुक्याचा वार्ताहर झालो, मग नागपूरच्या एका दैनिकात गेलो आणि बरीच वर्षे हिवाळी अधिवेशनात पत्रकार गॅलरीत बसलो. तिथे मला सरांची वही फार आठवायची, कारण विधानसभेत तशी वही जवळजवळ नसतेच. विधेयक आले की अध्यक्ष म्हणणार, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे. खाली गलका. प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. पुन्हा गलका. ‘होय’चे बहुमत आहे. झाले. कोण काय म्हणाले याचा पत्ता नाही. कोणी मतविभागणी मागितली, घंटी वाजली, तरच नावानिशी मोजणी, आणि तशी वेळ क्वचित येते. त्यात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला तर सभासदत्वच जाते. तेव्हा ‘आपल्या आमदाराने कशाला मत दिले’ याचे उत्तर बहुतेक वेळा ‘पक्षाने सांगितले त्याला’ एवढेच असते. बाकीचा माणूस शोधायचा तर त्याने मंत्र्यांना सभागृहात विचारलेल्या तारांकित प्रश्नांत, तातडीच्या विषयावरच्या लक्षवेधीत, अर्थसंकल्पातल्या मागण्यांवरच्या कपात सूचनांत शोधावा लागतो. सर्वात जास्त म्हणजे तो गैरहजर कधी होता त्यात. हजेरीपटाइतके बोलके दुसरे काही नाही, हे माझे अनुभवाचे मत.

एकदा नागपुरात ग्रंथालयात ब्रिटिश काळातल्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या कार्यवाहीचे जाडजूड खंड चाळायला मिळाले. मतविभागणी झाली की खाली दोन्ही बाजूंच्या सभासदांची नावे वर्णानुक्रमाने छापलेली. इंग्रजी वर्णमालेमुळे अणे हे नाव यादीच्या डोक्याशीच सापडायचे, शोधावे लागत नसे. गुलामीतल्या त्या सभेची एवढी तरी नोंद राहिली आणि आपण निवडून दिलेल्यांची राहत नाही, याचा त्या दिवशी मला चांगलाच संताप आला होता.

विदर्भाबद्दल लिहायचेच राहिले असते. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगापुढे वऱ्हाडचे दुसरे पुढारी ब्रिजलाल बियाणी यांच्याबरोबर बापूजींनी स्वतंत्र विदर्भाची बाजू मांडली आणि १९५५ मध्ये आयोगाने तशी शिफारसही केली. ती मानली गेली नाही. विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. मग १९५९ च्या पोटनिवडणुकीत, ऐंशीच्या उंबरठ्यावर, बापूजी नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. संयुक्त महाराष्ट्राचा जयजयकार चाललेला असताना हा म्हातारा उठून सांगायचा, आमचा विदर्भ वेगळा. १९६२ मध्ये नागपूरकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. बिहारचे राज्यपालपद भोगून झालेल्या माणसाने या वयात मतांसाठी फिरावे, हे मला त्यांच्या सगळ्या मानमरातबापेक्षा मोठे वाटते. मी स्वतः वेगळ्या विदर्भाचा कडवा पुरस्कर्ता नाही, सिंचनाचा आणि नोकऱ्यांचा अनुशेष आधी भरा असे म्हणणाऱ्यांतला आहे. त्यावरून मित्रांशी भांडणेही झाली आहेत. २६ जानेवारी १९६८ ला बापूजी गेले. नातू श्रीहरी अणे राज्याचे महाधिवक्ता असताना याच विषयावर बोलले आणि २०१६ मध्ये त्यांना पद सोडावे लागले, तेव्हा आमच्या वर्गातल्या एका मित्राने रात्री फोन करून एवढेच विचारले, “कोणत्या रकान्यात टाकतं बे?”

आमच्या याच यवतमाळ जिल्ह्याने जांबुवंतराव धोटेही दिले. १९६४ मध्ये विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्याबद्दल त्यांचे सभासदत्व गेले. १९७१ मध्ये तेच फॉरवर्ड ब्लॉकचे म्हणून नागपुरातून लोकसभेत गेले, तेही विदर्भाच्याच नावावर. आमच्या पिढीच्या पोरांना अर्थातच पेपरवेटवाले जास्त आवडायचे. सरांनी त्यांची कार्यवाही कधी फळ्यावर मांडली नाही. जिवंत माणसाची वही बंद करायची नसते, असे ते म्हणत.

आमच्या त्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला आमदारसाहेब येणार आहेत, स्वागताध्यक्षांनी कळवले आहे. स्वागतगीत, शाल, श्रीफळ होईलच. माझी संयोजकांना एक विनंती आहे. नववीच्या दोन मुलांना पाच मिनिटे द्या. त्यांनी आदल्या आठवड्यात विधानमंडळाच्या छापील कार्यवाहीतून साहेबांचे गेल्या अधिवेशनातले प्रश्न काढून ठेवावेत. आपल्या भागातल्या कोळशाच्या धुळीवर किती, कापसाच्या खरेदी केंद्रांवर किती, शाळांतल्या रिक्त पदांवर किती. आणि साहेबांना विचारावे, तुमच्या पक्षाचे एखादे विधेयक तुम्हाला मनातून पटले नव्हते असे झाले का, आणि झाले तेव्हा तुम्ही सभागृहात होता की बाहेर चहा घेत होता? त्यांनी उत्तर दिले तर ते मुलांनी लिहून घ्यावे. सरांची वही शाळेच्या कपाटात असेल तर तिच्यातच लिहावे, पाने शिल्लक होती.