शिल्लक रजा

जेवणाची सुट्टी संपून डोळे जड झालेले असताना आस्थापनेतल्या ताईंनी माझं सेवापुस्तक सहीला आणून ठेवलं. रजेच्या पानावर बोट टेकवून म्हणाल्या, "मॅडम, तुमची अर्जित रजा फारच कमी शिल्लक आहे हो. आजारपण वगैरे काही?"

मी म्हटलं, "आजारपण कसलं, तोरणा. मग पुढे रायगड."

त्यांनी पान उलटलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

सरकारी नोकरीतल्यांना हे गणित पाठ असतं. १ जानेवारीला पंधरा दिवस जमा, १ जुलैला पंधरा. साठवायची मर्यादा ३००. निवृत्तीच्या दिवशी जेवढे दिवस शिल्लक, तेवढ्यांचे पैसे हातात, तेही तेव्हाच्या मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या हिशोबाने. म्हणजे आज मी एक दिवस तोरणा-रायगड वाटेवरच्या सिंगापूर नाळेच्या उतारात घालवला, तर तो आजच्या पगाराने नाही, अठ्ठावन्नाव्या वर्षीच्या पगाराने महाग पडतो. हे मला आमच्या ह्यांनी समजावून दिलं, गृहकर्जाचा हप्ता कापल्याचा मेसेज आला त्याच संध्याकाळी. ते बँकेत आहेत.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. कुठल्याही वस्तूची किंमत मी दिवसांत काढते. दुकानातला एल आकाराचा सोफा म्हणजे पन्हाळा ते विशाळगड दोनदा, वर पावनखिंडीत निवांत बसायला एक सकाळ. घेतला नाही. जुन्याच सोफ्यावर नवं कव्हर घातलंय, पाहुणे काही म्हणत नाहीत. दुसरी खोड म्हणा किंवा हट्ट म्हणा, वैद्यकीय रजा टाकून डोंगरात जायचं नाही. खोटा ताप सांगून निघालं की पहिल्याच चढाला टाच सोलवटते. किरकोळ रजा वर्षाला आठ, त्या शाळेच्या पालकसभा आणि गॅसवाला खाऊन टाकतात. २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा मी वर्षभराच्या शनिवार-रविवारांवर पेन्सिलीने गडांची नावं लिहून ठेवली होती. महिना व्हायच्या आत टाळेबंदी लागली आणि ते सगळे शनिवार मी गच्चीत गोल गोल चालून काढले.

खरं तर चालायला पैसे लागतातच किती? एसटीचं तिकीट, शेंगदाणे-गूळ, वाटेवरच्या मोहरी गावात कुणाच्या तरी पडवीत मुक्काम आणि सकाळी निघताना त्या घरातल्या मावशींच्या हातात काही ठेवलं तर ठेवलं. नर्मदा परिक्रमेत तर तेवढेही नकोत. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, सदाव्रतात मिळेल तो फुकटचा शिधा शिजवायचा. शूलपाणीच्या झाडीत पूर्वी भिल्ल मामा अंगावरचं धडुतंसुद्धा काढून घेत, तरी माणसं पुढे जातच होती. शास्त्राप्रमाणे परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची, चातुर्मासात एका जागी थांबून. माझा रजेचा अर्ज एवढा लांब कुठल्याच नियमात बसत नाही. महाग पडतं ते मागे राहिलेलं घर. आपण ओंकारेश्वरला असलो तरी विजेचा मीटर पुण्यात फिरतो, सोसायटीचं मेंटेनन्स येतं, सासूबाईंचा मोतीबिंदू पिकतो.

यावरून आमची आजी आठवते. ती दरवर्षी वारीला जायची. दिंडीची भिशी भरली, गावाकडच्या पेरण्यांचा निरोप आला, की तिच्या डोक्यावरचं ओझं उतरायचं. आम्ही हडपसरला राहायचो. पालखी पुण्याहून सासवडला निघायची त्या दिवशी आप्पा किरकोळ रजा टाकून तिची वळकटी खांद्यावर घ्यायचे, मी त्यांचा हात धरून. एकादशी असायची, पिशवीत केळी आणि शेंगदाण्याचे लाडू. दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपायचे आणि ती गर्दी वर सरकताना आप्पा एकसारखे घड्याळ बघायचे.

एका वर्षी घाटातच त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. ऑफिसच्याच कातडी चपला, दुसरा जोड कुठला! कडेला एक चांभारकाका वारकऱ्यांच्या चपला शिवून देत बसले होते. त्यांनी आरीने भोक पाडलं, मेण लावलेला दोरा ओवला, दातांनी तोडला, वर हातोडीचे दोन ठोके दिले. आप्पांनी खिशातून नोट काढली. काका म्हणाले, "राहू द्या माउली, पंढरपूरला माझाबी नमस्कार सांगा." आप्पा नोट धरून तसेच उभे. त्यांना सासवडला पोचून संध्याकाळची एसटी पकडायची होती, हे त्यांच्याने सांगवेना.

सासवडच्या स्टँडवर आजी म्हणाली, "तुझं हापिस काय पळून जातंय का रे?"

"हापिस नाही गं आई, पगार पळतो."

पुढे आजी गेली. आप्पांनी वारीला एक दिवससुद्धा काढला नाही, अर्जित रजेला तर हातच लावला नाही. ३०० पूर्ण झाल्यावर वरच्या रजा वाया जात राहिल्या. निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणाले, आणि तोवर दोन्ही गुडघे गेले.

परवा त्यांच्याकडे गेले होते तेव्हा विचारलं, "आप्पा, ते तीनशे दिवसांचे पैसे आले होते, त्यांचं काय केलं हो तुम्ही?"

"काय म्हणजे? मागचं न्हाणीघर पाडून कमोडचं बाथरूम केलं ना," आप्पा म्हणाले. "तेव्हा तुझी आई हसली होती. आता खाली बसता येतं का मला?"