डीव्हीडी माझी, पैसे माझे, परवानगी त्यांची

आधी चिडचिड ओकतो, मग उपयोगाचं सांगतो.

२००८-०९ च्या सुमाराला घेतलेला एक पीसी गेम नव्या लॅपटॉपवर खेळायचा होता. ओरिजिनल डीव्हीडी, मॅन्युअल, त्यावर छापलेली सिरीयल की, सगळं जपून ठेवलेलं. तेव्हा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तोच गेम पन्नास-शंभरात मिळायचा आणि मी मॉलमध्ये ९९९ रुपये मोजले म्हणून मित्रांनी यथेच्छ टिंगल केली होती. त्यांच्या पायरेटेड कॉप्या आजही चालतात.

यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह आणला, गेम इन्स्टॉल झाला, पॅचही (नंतरच्या दुरुस्त्यांची फाइल) बसला. की टाकली आणि मेसेज आला: ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली. त्या काळात सिक्युरॉमसारखं कॉपी अडवणारं प्रोटेक्शन असलेले बरेच गेम इंटरनेटवरून ॲक्टिव्हेट व्हायचे, तेही मोजून-मापून, म्हणजे एक की ठरावीक वेळाच चालायची. २००८ च्या ‘स्पोर’ या गेमला सुरुवातीला तीनच ॲक्टिव्हेशन होती, लोकांनी बोंब मारल्यावर पाच झाली. जुन्या मशीनवरचं ॲक्टिव्हेशन सोडवून घ्यायचं टूल असतं, पण ते त्या जुन्या मशीनवरच चालवावं लागतं. माझं मशीन केव्हाच भंगारवाल्याकडे गेलेलं.

म्हणजे आता कंपनीचा सपोर्ट. नाव घेत नाही, घेतलं की तोंडातून भलतंच काही निघेल.

चॅटवर आधी बॉट. यादीतून गेम निवडल्याशिवाय तो पुढे सरकत नाही आणि यादीत माझा गेमच नाही. शेवटी त्याच मालिकेतला नवा गेम निवडून आत शिरलो. (तुम्हीही हेच करा.) पलीकडे माणूस आला आणि म्हणाला, बिल पाठवा. बिल होतं हो माझ्याकडे! पण थर्मल कागदाचं. वर एक अक्षर शिल्लक नाही, नुसती पिवळट पट्टी. दुकानही कधीच बंद पडलंय. मग म्हणे डिस्क, मॅन्युअलवरची की आणि कोऱ्या कागदावर हाताने लिहिलेला तिकीट नंबर (तक्रारीचा क्रमांक), तिन्ही एकाच फोटोत हवं. पाठवला. उत्तर: डिस्कवर चकाकी आहे, नीट दिसत नाही. पुन्हा काढून पाठवेपर्यंत ‘प्रतिसाद न आल्यामुळे’ तिकीट आपोआप बंद. नवं तिकीट, नवा नंबर, म्हणून आधीचा फोटो बाद. पुन्हा डिस्क मांड, पुन्हा कागद लिही. त्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी उत्तर आलं की हे प्रॉडक्ट आता सपोर्टमध्ये नाही, आणि खाली नव्या भागाच्या सेलची लिंक. जखमेवर मीठ चोळायची पण काय ही हौस!

अहो, गेम बिघडलाय असं मी म्हणतच नव्हतो. सर्व्हर चालू होता. तुमच्याकडचा आकडा शून्यावर आणा, एवढंच काम.

सुटलं कसं, तर तिकीट ‘टेक्निकल’ खाली न टाकता ‘कोड रिडीम’ खाली टाकलं. पहिल्याच मेसेजमध्ये की, फोटो आणि आधीच्या सगळ्या तिकिटांचे नंबर एकदम. एका बाईंनी चॅटवर बसल्या बसल्या ती की माझ्या अकाउंटला जोडून डिजिटल कॉपी दिली. त्यांना मनापासून दुवा दिला. डाउनलोड पूर्ण होऊन गेमचा मेनू दिसला तेव्हा घरातल्यांना वाटलं मला नोकरीत प्रमोशन मिळालं.

अर्थात तो गेम आता अकाउंटच्या मर्जीवर. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ३१ मार्च २०२४ ला ‘द क्रू’ या रेसिंग गेमचे सर्व्हर बंद केले तेव्हा एकट्याने खेळणाऱ्यांचाही गेम गेला. त्यातूनच यूट्यूबर रॉस स्कॉटची ‘स्टॉप किलिंग गेम्स’ (विकलेले गेम बंद पाडू नका) मोहीम उभी राहिली आणि युरोपियन युनियनमधल्या याचिकेवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. माझा मावसभाऊ म्युनिकला असतो, पण भारतीय पासपोर्टवर सही चालत नव्हती. आपल्याला नुसतं बघत बसायचं.

म्हणून हल्ली जुना गेम घ्यायचा तर मी आधी जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर बघतो. तिथला ऑफलाइन इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर उतरवून ठेवता येतो, नंतर कुणाला विचारावं लागत नाही. पॅचच्या फाइल्सही आजच उतरवा, त्या साइट्स पटापट बंद होतात.

सेफडिस्क या जुन्या प्रोटेक्शनवाल्या डिस्का असतील तर वेगळी गंमत. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोज १० पासून नाहीच, त्यामुळे गेम इन्स्टॉल होतो पण सुरू होत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर) विंडोज एक्सपी टाकून माझा एक चालला. त्या एक्सपीला इंटरनेट देऊ नका. विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची जपणुकीपुरती बॅकअप कॉपी काढायला आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ परवानगी देतं, पण प्रोटेक्शनवाल्या डिस्कची साधी आयएसओ (डिस्कची प्रत असलेली फाइल) बहुतेकदा पुरत नाही. क्रॅकच्या (प्रोटेक्शन तोडणाऱ्या फाइलींच्या) नादी मी लागलो नाही, त्यातून काय घरात शिरेल सांगता येत नाही.

आणि हो, सपोर्टला फोटो पाठवायचा असेल तर फ्लॅश बंद ठेवा, डिस्क खिडकीच्या उजेडात जरा तिरकी धरा आणि तिकीट नंबर जाड मार्करने लिहा. बॉलपेनचं त्यांना दिसत नाही.