अर्धं झालं की बाहेर

लहानपणी मे महिन्यात आमच्या गल्लीतली पोरं पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकायची आणि मी घाटाच्या पायरीवर बसून सगळ्यांचे कपडे राखायचो. १९६७ साली, दीड वर्षाचा असताना, पोलिओनं माझा उजवा पाय गेला होता. पुढं मांडीवर हात दाबत चालायला शिकलो, पायाला आधार म्हणून बांधायचा कॅलिपर शाळेबरोबरच सोडला, सांगलीतच नोकरी केली.

पन्नाशीनंतर डावा पाय, म्हणजे माझा चांगला पाय, दगा द्यायला लागला. जिन्यात गुडघा एकदम मुडपायचा. दुपारी चारला अंगातलं कुणीतरी काढून घेतल्यासारखं व्हायचं. एका डॉक्टरांनी सांगितलं, वय झालं, वजन उतरवा, रोज तीन किलोमीटर चाला. जन्मभर 'जिद्द सोडू नकोस' एवढंच ऐकलेला माणूस मी. तीनाचे चार केले. दोन महिन्यांत हातात कुबडी आली.

मग मिरजेला दाखवलं. थायरॉईड, साखर, बी-१२, मणका असं एकेक बाद करत तिथं निदान झालं : पोस्ट पोलिओ सिंड्रोम. याची अशी एकच तपासणी नसते. पोलिओत ज्या चेतापेशी मेल्या, त्यांचे स्नायू शेजारच्या वाचलेल्या पेशींनी सांभाळायला घेतलेले असतात. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचा भार ओढून आता त्याच थकतात. माझं चालणं म्हणजे दमलेल्या बैलाला आणखी चाबूक होता. घरी हिनं पहिल्यांदा विचारलं, "नातवाला लागण व्हायची नाही ना?" नाही. विषाणू कधीच गेलेला असतो.

फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "काका, पाण्यात उतरा." कमरेएवढ्या पाण्यात पायांवर साधारण निम्मंच वजन येतं, छातीएवढ्या पाण्यात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. हे पटलं, पण उतरायचं कसं? पहिल्या तलावाला नुसती उभी लोखंडी शिडी. दुसरीकडं पायऱ्या आणि कठडा होता, पण डॉक्टरांचा दाखला आणा म्हणाले. आणला. खरी भीती पाण्याची नव्हती, ओल्या फरशीची होती. कुबडीचं रबर नवीन घातलं, काठापर्यंत पुतण्याचा खांदा, कॅलिपर (आता परत बांधतो) काढायला प्लॅस्टिकची खुर्ची. सकाळच्या गार पाण्यात पोलिओचा पाय निळा पडून आखडला, म्हणून मे महिन्यात अकराची वेळ घेतली.

पहिल्या दिवशी दहाच मिनिटं. कठडा धरून आडवं चालायचं, पाय बाजूला न्यायचा. उजवा पाय जमिनीवर मी हातानं उचलून ठेवतो. पाण्यात तो आपणहून वर आला. मी कितीतरी वेळ त्याच्याकडंच बघत राहिलो. त्या दिवशीचा व्यायाम तेवढाच झाला म्हणा ना.

तिसऱ्या आठवड्यात चेव आला. चाळीस मिनिटं केली आणि मजेत पायरीशी आलो, तर एका एका पायरीला अंगाचं वजन परत यायला लागलं. तिसरीवर बसलो तो बसलोच. जीवरक्षकानं काखेत हात घालून ओढून काढलं. पुढचे दोन दिवस अंथरुणात. मॅडम चांगल्याच रागावल्या. पाण्यात दमलेलं कळत नाही, बाहेर आल्यावर कळतं. म्हणून अजून तेवढंच जमेल असं वाटतं तेव्हाच निघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नायू नेहमीपेक्षा दुखले किंवा लुळे वाटले, तर पुढच्या खेपेला वेळ कमी करायचा. अर्धं झालं की बाहेर यायचं, हे शिकणं मला व्यायामापेक्षा जड गेलं. अजूनही जातं.

आता सोमवार-गुरुवार, वीस मिनिटं, आणि घरी आल्यावर तासभर झोप. डाव्या पायाची गेलेली ताकद काही परत आलेली नाही. पण कंबरदुखी उतरलीय आणि चारचा चहा मी माझा मी करतो. दिवाळी ते शिवरात्र मात्र बंद. पाणी गार असतं, आणि गरम पाण्याचा तलाव माझ्या आवाक्यात नाही.

पुतण्या काठावर बसून माझा कॅलिपर आणि कपडे राखतो. म्हणजे मोबाइल बघतो. परवा कुत्र्यानं माझा टॉवेल फाटकापर्यंत नेला तरी याला पत्ता नाही. आम्ही बरे राखायचो.