लुंडमधली साडेनऊची कॉफी

स्वीडनला, लुंड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवायला आल्यावर पहिल्या आठवड्यात मला एका गोष्टीचं नवल वाटलं. सकाळी साडेनऊ वाजले की विभागातले प्राध्यापक, पीएचडीची मुलं, लॅबमधले तंत्रज्ञ, सगळे हातातलं काम ठेवून खालच्या किचनमध्ये जमत. इथे याला 'फिका' म्हणतात. कॉफी, वेलदोड्याचा स्वाद असलेला बन आणि गप्पा.

एके दिवशी शेजारच्या खोलीतल्या ज्येष्ठ प्राध्यापिका तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा घेऊनच आल्या. "या गणितात निम्मी मुलं चुकलीत. माझ्या शिकवण्यात कुठेतरी घोळ आहे, बघा बरं." इतकी वर्षं शिकवणाऱ्या माणसाने चारचौघांत असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

पेपर हातोहात फिरले. तुळईच्या बेंडिंग मोमेंटचं, म्हणजे भार तुळईला कुठे किती वाकवू पाहतो त्याचं, गणित होतं. ते आकृती काढून दाखवायचं असतं. माझ्या वर्गात तुळईला झोळ पडला की मोमेंट धन, आणि आकृती रेघेच्या वर. त्यांच्या वर्गात मात्र ज्या बाजूला ताण येतो त्या बाजूला; झोळ पडला की तुळईची खालची बाजू ताणली जाते, म्हणजे तीच आकृती खाली. दोन्ही पद्धती बरोबर, पण तीच मुलं सोमवारी एक शिकत होती आणि बुधवारी दुसरी, आणि आम्हा दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता! कॉफी संपायच्या आत ठरलं: दोघांनी खालीच काढायची.

नुसत्या कॉफीने हे होत नाही, हे पुढे कळलं. लुंड विद्यापीठ १६६६ चं. त्याच्या अभियांत्रिकी शाखेने, म्हणजे एलटीएचने, या शतकाच्या सुरुवातीला 'पेडॅगॉजिकल अकादमी' सुरू केली. आपण कसं शिकवतो, कुठे फसलो, मग काय बदललं, हे शिक्षकाने लिहून द्यायचं. सहकारी ते वाचतात, मुलाखत घेतात. पसंत पडलं तर 'एक्सलंट टीचिंग प्रॅक्टिशनर' ही मान्यता आणि पगारवाढ मिळते. शिवाय त्याच्या विभागालाही जादा निधी मिळतो. मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हेच, कारण एकाच्या चांगल्या शिकवण्यात मग सगळ्या विभागाचा फायदा असतो.

मी आधी ज्या कॉलेजात होतो, तिथे एक सर निवृत्त झाले. हाताने सोडवलेल्या गणितांच्या त्यांच्या वह्या कपाटासकट रद्दीत गेल्या. त्या कुणी मागितल्या नाहीत, मीही नाही. त्याची हळहळ अजून जात नाही. माणसं कोत्या मनाची नव्हती. पण बढतीसाठी छापलेले शोधनिबंध मोजले जात, दुसऱ्याला दिलेली वही कोण मोजणार?

गेल्या वर्षी माझी सगळी गणितं, मुलं हमखास कुठे चुकतात त्या टिपणांसह, तिथल्या जुन्या मित्राला पाठवली. महिनाभराने त्याचा फोन आला. "अरे, तुझ्या चौथ्या गणितात माझी पोरं अडकतायत. आधी एक सोपं घालून बघितलं, जमलं त्यांना. पाठवू का?"

ते सोपं गणित आता इथल्या मुलांच्या शीटमध्ये तिसरं आहे.