पाइप तुंबलेला नव्हता

इमारतींचं स्ट्रक्चर तपासणं हे माझं काम. पुण्याच्या सहकारनगरातल्या एका जुन्या सोसायटीने अर्ध्या गच्चीवर हिरवं छत, म्हणजे मातीचा थर टाकून बाग, केलंय. उरलेल्या अर्ध्या भागात जुनी चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांची लादी, तशीच आहे. मे अखेरीस तिथलं वॉटरप्रूफिंग बघायला गेलो आणि नेमका वळीव कोसळला.

मोझॅकच्या बाजूचा पाइप लगेच धो धो वाहू लागला. बागेच्या बाजूचा मात्र कोरडा. सेक्रेटरी काका घाबरले. "साहेब, पाइप तुंबला! सगळा भार स्लॅबवर येणार."

भीती रास्त होती. दहा सेंटिमीटर माती भिजली की चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो वजन भरतं, आणि माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी साधारण दीडशे किलोचाच चल भार (माणसं, सामान यांचं वजन) धरलेला असतो. म्हणूनच तिथे साध्या मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पर्लाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके दाणे), गांडूळखत असं हलकं मिश्रण टाकलं होतं.

छत्री धरून जाळी उचलली. आत एक पानही अडकलेलं नव्हतं. मिश्रणात बोटं खुपसली, तर वरचा थर चिंब आणि तळ अजून कोरडा! पाणी मुरत होतं. बऱ्याच वेळाने जाळीखाली करंगळीएवढी पिवळसर धार लागली. तोवर मोझॅकवरचं पाणी गटारात पोचलंसुद्धा होतं.

सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने या भागात माणसं नेली. तेव्हापासून छतावरून एकदम सुटणारं पाणी मला साधी बाब वाटत नाही. माती पूर्ण भिजल्यावर जास्तीचं पाणी सोडणारच, संततधारेत तिचा उपयोग कमी. पण अचानक येणाऱ्या सरीचा पहिला लोंढा ती नक्की अडवते.

अडवलेलं पाणी पुढे झाडं वाफेच्या रूपाने सोडतात. लिटरभर पाण्याची वाफ व्हायला अर्ध्या युनिट विजेहून जास्त उष्णता खर्ची पडते, ती छतावरूनच जाते. शिकागोच्या सिटी हॉलवर ऑगस्ट २००१ मध्ये हे मोजलंय: झाडांच्या भागात ३३ ते ४८ अंश सेल्सिअस, शेजारच्या काळ्या डांबरी छतावर ७६. इथे वरच्या मजल्यावरच्या आजींनी मला हात धरून घरात नेलं आणि छताकडे बोट दाखवलं, "यंदा रात्री हे भाजत नाही हो."

काकांना आता उरलेली गच्चीही हिरवी हवी आहे. त्या बाजूला पाण्याच्या टाक्या आहेत आणि एका बीमला तडे. आधी बीमची दुरुस्ती, मग पाणी साठवून गळतीची चाचणी, त्यानंतरच माती, असं लिहून दिलंय.